निवृत्तीची बायको

उमरी
८ जुलै २०२४

शिवकांता,

वर 'प्रिय' लिहिणार होते, पण लिहीत न्हाई. राग उतरला की पुढच्या पत्रात दोनदा लिहीन.

माझ्या तनुजाचा साखरपुडा झाला. चार लेकरांतली शेवटची लेक. आपण मुरुडच्या शाळेत सहा वर्षं एका बाकावर बसलेल्या पोरी, म्हणून तुला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी फोनवर तूच म्हणलीस, 'निघाले बघ.' आन दुपारी तुझी सून मंजुश्री सांगती, 'आईंचे गुडघे दुखून राहिलेत, त्या येत नाहीत.' माझ्या शेजारची खुर्ची मी कार्यक्रम होईस्तोवर रिकामी ठेवली. पोराकडची बाई विचारती, 'इथं कोण बसणार हाय?' मी म्हणलं, 'लातूरची मोठी माणसं.'

गेल्या साली मुरुडच्या जत्रेला आली न्हाईस. त्याच्या आधी नातवाच्या जावळाला आली न्हाईस. तवाबी गुडघेच. गंजगोलाईच्या बाजारात तुझ्या मालकाचं भांड्यांचं दुकान मोठं झालं आन आम्ही उमरीचे कास्तकार तसेच राहिलो, असं तर काई न्हाई ना? फोनवर भांडले असते, पण तुमच्या घरात फोन सदा स्पीकरवर. मी 'शिवे' म्हणलं की भीमाशंकर भाऊजी पलीकडून 'बोला' म्हणतेत. म्हणून कागद घेतला.

खरं काय ते लिही.

तुझी (अजून तरी)
साखरा

*

लातूर
१७ जुलै २०२४

प्रिय साखरा,

मी निघाले होते. एवढं आधी वाच, मग रागव.

सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. हिरवी साडी नेसले, पिशवीत तनुजासाठी घेतलेली जांभळी साडी ठेवली आणि नांदेडच्या बसमध्ये बसले. चाकूर गेलं. पुढे रस्ता खोदलेला. शेजारच्या बाईच्या पिशवीत लाल तिखट होतं, बस उडाली तशी पुडी फुटली. मला शिंका आल्या. एक नाही, चार. चौथ्या शिंकेला, साखरे, माझी साडी मागून भिजली.

कशानं भिजली ते आता तरी लिहायला नको, तू समजून घे. बरं, लिहितेच. लघवीनं.

अहमदपूरच्या स्टँडवर उतरले. तिथल्या बाथरूममध्ये तनुजाची जांभळी साडी नेसले. आता तिच्या आहेराची साडी अंगावर घालून तिच्याच साखरपुड्याला कशी येऊ? समोर लातूरची गाडी लागली होती, तीत बसले. घरी सगळ्यांनी विचारलं तेव्हा गुडघ्यांचं नाव सांगितलं. गुडघे फार सोयीचे असतात. चारचौघांत सांगता येतात आणि त्यांना कुणी हसत नाही.

तीन वर्षं झाली. खोकला आला, हंडा उचलला, पायरी उतरले की थोडं होतंच. जत्रा, जावळ, सगळं त्यामुळेच चुकलं. घरात कुणाला माहीत नाही. ह्यांना तर मुळीच नाही. सत्तावन्न वर्षांची बाई, कुणाला आणि काय सांगू?

तुझं 'अजून तरी' वाचून हसले आणि मला उठून जावं लागलं. तेव्हा यापुढे विनोदी लिहू नकोस. हे पत्र फाडून टाक.

तुझी
शिवकांता

*

उमरी
२६ जुलै २०२४

प्रिय प्रिय शिवे,

दोनदा लिहिलं बघ.

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग ते लाल तिखट आठवलं आन पदर तोंडात कोंबून हसले. आमचे शेषेराव म्हणाले, 'काय झालं?' म्हणलं, 'शिवकांताचे गुडघे बरे हायत.' पत्र चुलीत घातलं. जळेस्तोवर उभी राहिले.

मला तसलं काईच न्हाई, देवाची दया. पण चार गोष्टी सांगते त्या ध्यानात ठेव. बाहेर निघायचं असलं की आदल्या सांजेपासून पाणी बंद. साडी गर्द रंगाची आन छापील, हिरवी बिरवी न्हाई. कुठंबी गेलं की आधी मोरी कुठंय ते इचारून घ्यायचं आन दाराजवळची जागा धरायची. जुन्या लुगड्याची घडी जवळ ठेवायची, ती वाळवायची तर दुसऱ्या कपड्याच्या खाली, वरून टॉवेल टाकून. जेवणाच्या पंगतीत कडेला बसायचं. कुणी फुगडी खेळायला ओढलं तर कंबर धरून 'आई गं' म्हणायचं. हे मी आपलं डोक्यानं इचार करून सांगून राहिले.

वयाचं हाय हे सगळं. आपल्या आयांनाबी असंल, त्या कधी बोलल्या न्हाईत. तनुजाचं लगीन डिसेंबरच्या चौदा तारखेला हाय. तू आली न्हाईस तर मी कुणाला अंतरपाट धरू देणार न्हाई, सांगून ठेवते.

तुझी
साखरा

*

लातूर
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय साखरा,

माझ्या गुडघ्यांनीच मला पकडून दिलं. इतक्या वेळा त्यांचं नाव घेतलं की मंजुश्रीने खरं धरलं आणि मला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. म्हणजे व्यायामानं दुखणं बरं करतात तिथे. डॉक्टर धम्मप्रिया म्हणून आहे, तिशीही ओलांडली नसेल. फॉर्म भरू लागली.

'बाळंतपणं किती?'

'चार.'

'शुगर, बीपी?'

'नाही.'

'खोकलं, शिंकलं, हसलं की लघवी होते का?'

मंजुश्री शेजारीच! मी 'छे, छे!' म्हणाले, ते इतक्या जोरात की पोरीने पेन खाली ठेवलं. मंजुश्रीला म्हणाली, 'ताई, बाहेरून एवढी पाण्याची बाटली भरून आणता?' दार लागलं तशी माझ्याकडे वळली. 'काकू, आता सांगा.'

तीन वर्षांचं दुखणं तीन मिनिटांत सांगून झालं. ती हसली नाही, तोंड वाकडं केलं नाही. म्हणाली, 'माझ्याकडे निम्म्या बायका गुडघ्यांचं नाव सांगूनच येतात.' आधी लघवी तपासायला लावली, त्यात दोष नव्हता. दुसऱ्या खेपेला एकटी गेले. तिने चित्र दाखवलं. खाली, आपण बसतो तिथे, आतून स्नायूंची एक झोळी असते आणि लघवीची पिशवी तिच्यावर असते. बाळंतपणांनी, ओझ्यांनी, वयानं झोळी सैल पडते. वरून शिंकेचा धक्का बसला की धरून ठेवायला खाली काही राहत नाही. 'हाताचे स्नायू व्यायामानं घट्ट होतात ना? तसेच हेही होतात,' म्हणाली.

मग मला विचारून, हातमोजा घालून तपासलं आणि म्हणाली, 'चारचौघांत वायू अडवता ना, तसं आतून आवळा आणि वर ओढा.' मी सगळा जीव लावला. 'काकू, तोंड सोडा. तुम्ही कपाळ आवळताय.' परत केलं. 'आता श्वास रोखलाय, मांड्या आवळल्यात.' परत. पाचव्या वेळी म्हणाली, 'हां! हेच ते.' सत्तावन्न वर्षं हे अंग माझ्याबरोबर आहे आणि त्याची नि माझी ओळख त्या दिवशी झाली.

आता रोज तीन वेळा. आवळायचं, पाच आकडे धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं दहा वेळा. मग दहा वेळा भराभर. शिंक येतेय वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. तीन महिने नेमानं केलं तर फरक पडेल म्हणाली. आणि हे तुझ्यासाठी: पाणी तोडायचं नाही. पाणी तोडलं तर लघवी दाट होते आणि पिशवी जास्तच चिडते. तुझी सगळी सूत्रं तिने एका वाक्यात निकालात काढली.

तुझी
शिवकांता

*

उमरी
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय शिवे,

बसल्या जागी आवळून दुखणं बरं होत असतं तर डॉक्टर लोक कशाला शिकले असते? पण तू कर बापडी.

आमच्या शेजारी निवृत्ती राहतो, त्याच्या बायकोला तुझ्यासारखाच तरास हाय. मी तिला तुझं काई सांगितलं न्हाई, तिचं ती इचारून राहिली. तर तिच्यासाठी एवढं लिही: गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन झालेल्या बाईला हे चालतं का? शिंकेनं न्हाई, पण नळाचं पाणी वाहताना ऐकलं की पळावं लागतं आन मोरीपर्यंत पोचूस्तोवर होऊन जातं, त्याला हाच व्यायाम का दुसरा? आवळताना पोट आत जातंय, तर ते चुकतंय का? उभ्यानं करावं का बसून? निवृत्तीच्या बायकोला लाज लई, ती स्वतःहून कुठं जायची न्हाई.

मला आपली काळजी वाटती तिची.

तुझी
साखरा

*

लातूर
९ सप्टेंबर २०२४

प्रिय साखरा,

निवृत्तीच्या बायकोला माझा नमस्कार सांग. तिचे प्रश्न इतके नेमके होते की धम्मप्रिया म्हणाली, 'या बाईंना घेऊनच या.' गर्भपिशवी काढलेल्या बाईलाही हे व्यायाम चालतात. सुरुवात आडवं होऊन करावी, मग बसून, मग उभ्यानं. बेंबीखाली किंचित ओढ लागते तेवढी चालेल, पोट आत खेचायचं नाही. घाईच्या त्रासाला थोडं वेगळं आहे. घाई लागली की पळायचं नाही. जागीच थांबून चार-पाच वेळा भराभर आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग सावकाश जायचं. पण आधी तिने लघवी तपासून घ्यावी. आणि पाणी पी म्हणावं तिला. माझ्या वतीने दटाव.

आता इकडचं ऐक, पण आधी जाऊन ये आणि मग वाच.

डॉक्टरांनी मला तीन दिवस वही ठेवायला लावली होती. किती वाजता काय प्यायले, कधी गेले, कधी गळलं. मी शहाणपणानं मोघम लिहिलं: 'सव्वाअकरा, थोडं. साडेचार, जास्तच. पुन्हा तेच झालं, लाज वाटते.' वही स्वयंपाकघरात राहिली आणि ह्यांच्या हाती लागली. तुला माहीत आहे, ह्यांना शुगर आहे, गोड बंद आहे.

संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

'शिवकांता, तू माझ्यावर इतकं लक्ष ठेवतेस?'

मी त्यांच्या हातातली वही घेतली.

'सव्वाअकराला एकच पेढा होता. साडेचारला मात्र दोन बालूशाही झाल्या, खोटं बोलत नाही. पण दुकानातलं तुला घरबसल्या कळतं कसं?'

मी वही मिटली आणि म्हणाले, 'कळतं.'

'लाज वाटते असं लिहिलंस, ते मनाला फार लागलं माझ्या.'

तेव्हापासून दुकानाच्या गल्ल्यातला पेढ्यांचा पुडा गेला. परवा शुगर तपासली, चाळीसनं उतरली. मी खरं सांगणार आहे, पण ती अजून थोडी उतरू दे.

आणि आमच्याकडे सोमवारी लिंगायत संतांची वचनं म्हणायला मंडळी जमतात, तिथे मी माझी दुपारची दहा उरकून घेते. महादेवप्पा काका ह्यांना म्हणाले, 'वहिनींचं ध्यान फार खोल लागतं हो. मधेच डोळे स्थिर होतात.' लोक आता मला पुढे बसवायला लागलेत.

तुझी
शिवकांता

*

उमरी
२० सप्टेंबर २०२४

शिवकांता,

निवृत्तीच्या बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणती, जमणार न्हाई. लग्नाघरचं काम डोक्यावर असताना पाणी पीत बसायचं आन मोरीत पळत राहायचं, हे कुणाला परवडतंय? आन तू सारखं 'तिला दटाव, तिला दटाव' लिहू नको. दटावायला मी कोण तिची?

बस्त्याच्या गडबडीत हाय. पत्र लिहायला येळ न्हाई.

साखरा

*

लातूर
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय साखरा,

पंचवीस दिवस झाले. दोनदा फोन केला, 'सगळं बरं हाय' म्हणून ठेवून दिलास. आवाज बरा नव्हता. दसऱ्यालाही बोलली नाहीस.

माझं सांगते, म्हणजे तुला लिहावंसं वाटेल. परवा दुकानात धुळीनं शिंक आली. मी आधी आवळलं, मग शिंकले. कोरडी! पितळी घागर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून मी इतकी हसले की बाईला वाटलं घागरीत काहीतरी खोट आहे. रोज काही असं होत नाही. जिना उतरताना अजून कधीकधी फसतं. पण आठवड्यातून एकदा, दिवसातून पाचदा नाही.

ह्यांना खरं सांगितलं. मला वाटलं चिडतील, गोड सुटलं म्हणून. ते बराच वेळ टेबलावरच्या चष्म्याची काडी उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, 'तीन वर्षं तू एकटीनं हे काढलंस आणि मी पलीकडच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होतो.' दुसऱ्या दिवशी मला न विचारता खालच्या मजल्यावरचं बाथरूम दुरुस्त करायला माणूस बोलावला. पेढे मात्र परत सुरू झाले नाहीत.

निवृत्तीच्या बायकोबद्दल मी काही विचारत नाही. पण साखरे, नववीत तू गणिताच्या पेपरात नापास झालीस तेव्हाही 'वर्गातल्या एका मुलीला' कमी मार्क पडल्याचं घरी सांगितलं होतंस.

लिही.

शिवकांता

*

नांदेड
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय शिवे,

हे पत्र दवाखान्यातल्या खाटेवरून लिहून राहिले. घाबरू नको, उद्या सोडणार हायत. लघवीत जंतू झाले, थंडी वाजून ताप भरला, दोन दिवस मला काईच सुधरत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, 'दिवसभर पाणी किती पिता?' तनुजा शेजारी उभी. तिनंच सांगितलं, 'आई तर पाणी पीतच न्हाई.' पोरीला सगळं ठावं होतं. टॉवेलखाली वाळणाऱ्या घड्याबी तिनं बघितल्या होत्या. मला वाईट वाटंल म्हणून दोन वर्षं बोलली न्हाई.

निवृत्तीचं लगीन झालेलं न्हाई. बेचाळीस वर्षांचा झाला, एकटाच राहतो, आन त्याला खबरबी न्हाई की त्याच्या बायकोच्या लघवीची चर्चा लातूरपर्यंत चालू हाय.

शिवे, मला सात वर्षं झाली. पिशवीचं ऑपरेशन झालं त्याच्या पुढच्या साली सुरू झालं. तुझ्यावर 'मोठी माणसं' म्हणून चिडले आन मी स्वतः मात्र भजनाला जायचं सोडलं, भिशीला जायचं सोडलं. यांच्याजवळ बसतबी न्हाई, वास येईल म्हणून. ते समजतेत की मी कशानं तरी नाराज हाय.

आन आता खरं सांगते, हे कुणालाच सांगितलं न्हाई. कन्यादानाला मी बसणार न्हाई. दीड-दोन तास पाटावर, समोर पाण्याची धार सोडायची असती, त्या धारेच्या आवाजानंच माझं होऊन जाईल. सगळ्या मांडवादेखत. मी जावेला तयार केलंय. गुडघे दुखतेत असं सांगणार हाय.

लेक माझी आन हात जावेचा. पण दुसरं काय करू?

साखरा

*

लातूर
२६ ऑक्टोबर २०२४

साखरे,

गुडघे माझे आहेत, ते तुला वापरू देणार नाही.

पुढच्या शनिवारी सकाळच्या बसनं येते. धम्मप्रियाने नांदेडला एक बाई सुचवल्या आहेत, हेच काम करतात. तिने स्वतः फोन करून तुझी वेळ घेतली आहे. जावेला अजून काही पक्कं बोलू नकोस. चौदा डिसेंबरला सात आठवडे आहेत. पूर्ण बरं व्हायला ते कमी पडतील, पण दीड तास बसायला पुरतील.

येताना मधे कुठे उतरणार नाही.

शिवकांता

*

उमरी
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय शिवे,

तू जाऊन तीन हप्ते झाले तरी शेषेराव रोज एकदा तरी इचारतेत, 'त्या दिवशी ओसरीवर तुम्ही दोघी समोरासमोर बसून बोलत का नव्हता?' तू माझ्याकडं बघून आकडे मोजत होतीस, मी आवळत होते. मधे त्यांनी 'चहा टाकू का?' म्हणलं आन आपण दोघींनी एकदमच हात वर करून थांबवलं. त्यांना वाटलं आपलं भांडण झालं.

त्यांना सांगितलं मी. भाऊजींवानी शहाणं बोलणं यांना जमत न्हाई. म्हणले, 'एवढंच? मला वाटलं तुझं माझ्यावरचं मन उडालं.' आन खुर्ची ओढून जवळ येऊन बसले. मीच म्हणलं, सरका थोडं, लेक बघंल.

नांदेडच्या बाई लई चांगल्या. मला वहीवरून पिशवीला वळण लावायला शिकवून राहिल्या. आधी दर अर्ध्या तासाला पळायचे, आता सव्वा तास थांबते. पहिले आठ दिवस वाटलं हे सगळं थोतांड हाय. दोनदा साडी भिजली, दोनदा रडले. मग बाईंनी युगत सांगितली: नळ सोडायचा आन त्याच्यासमोर उभं राहून आवळायचं. रोज थोडं जास्त. तनुजा मोरीत नळ सोडती आन मी दाराबाहेर उभी. आमच्या निवृत्तीनं भिंतीवरून इचारलं, 'काकू, पाणी वाया कामून चाललंय?' मी म्हणलं, 'तुझ्या बायकोसाठी.' बिचारा लाजून आत गेला. आता त्याला वाटतंय मी त्याच्यासाठी पोरगी बघून राहिले.

जावेला सांगून टाकलं, मीच बसणार. भीती मात्र गेली न्हाई.

तुझी
साखरा

*

लातूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय साखरा,

भीती राहू दे. मलाही बसमध्ये चढताना अजून वाटते.

आम्ही दोघं तेराला संध्याकाळी पोचतो. मी तुझ्या मागेच बसेन. तुझी पाठ ताठ झाली की मला कळेल की लाट आली, मी मागून हळू आकडे मोजेन. लोकांना वाटेल काहीतरी स्तोत्र म्हणतेय. माझं नाव आधीच झालेलं आहे.

शिवकांता

*

उमरी
२४ डिसेंबर २०२४

प्रिय शिवे,

लगीन होऊन दहा दिवस झाले, घर रिकामं वाटून राहिलं. तनुजा इस्लापूरला सासरी रमली, रोज फोन करती.

कन्यादानाचं तू डोळ्यानं बघितलंस. धार सोडली तशी लाट आली, लई मोठी. मी पाय आवळले न्हाईत, तोंड आवळलं न्हाई. तुझा आवाज मागून येत होता, एक, दोन, तीन. सातला ओसरली. नंतर तनुजा गळ्यात पडून रडली तवा थोडं गेलं, खरं सांगते. पण त्या येळी सगळीकडूनच पाणी गळत होतं, कुठलं किती ते कोण बघतंय.

तू मला निघताना इचारलंस, खोलीची कडी घालून विहीणबाईला मी काय सांगितलं. तवा भवताली माणसं होती. आता लिहिते.

मुहूर्ताच्या आधी विहीणबाई खोलीतून निघंनात, तवा मांडवात काय गोंधळ झाला ते तुला ठावं हाय. कुणी म्हणलं, साडीचा रंग पसंत पडला न्हाई. कुणी म्हणलं, पाय धुवायला थोरल्या जावेनं जायला पाहिजे होतं. शेषेराव तर हात जोडून दाराशी उभे राहिले, 'काय चुकलं ते सांगा.' आतून एकच उत्तर, 'मी येत न्हाई.' तिचे मालक बाहेर तांबडेलाल झालेले.

पण मी तिला सकाळपासून बघत होते. जीपमधून उतरल्या उतरल्या तिनं मोरी कुठंय इचारलं. पाण्याचा गिलास तसाच ठेवला. फराळाला दाराजवळ बसली. मी मनात म्हणलं, ही चाल माझ्या वळखीची हाय.

मी ताटात नवी साडी, नारळ, हळदीकुंकू घेतलं आन एकटीच आत गेले. मानपान करायला चालले असं सगळ्यांना वाटलं. विहीणबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पाठ भिंतीकडं करून, दोन्ही हातांनी खुर्ची धरलेली. मी आतून कडी घातली.

'उठा,' म्हणलं, 'मुहूर्त चाललाय.'

'मी उठणार न्हाई.'

मी तिच्या कानाशी वाकले. 'विहीणबाई, मलाबी हाय.'

'काय हाय?'

'तुम्हाला खुर्चीवरून उठू देईना तेच.'

तिनं माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून अशी रडली, शिवे, की मला माझीच सात वर्षं दिसली. जीपमध्येच सुरू झालं होतं, तीन तास खड्ड्यांतून आली होती, आन फराळ करून खोलीत आली तवा पुरतं भिजलं. दुसरी साडी होती, पण ती बॅग पुरुषांच्या खोलीत. मागणार कशी? मी ताटातली साडी दिली, पाठ करून उभी राहिले. बाहेरून तिचे मालक ओरडले, 'अजून काय कमी पडलं मानात?' तर आतून ही म्हणती, 'काई न्हाई! आमचं आमचं बोलणं चालू हाय!' आन आम्हा दोघींना असं हसू फुटलं, की मला मधेच तिला सांगावं लागलं, 'आधी आवळा, मग हसा.' तिला काय कळतंय! परत खुर्चीत बसली.

नवी साडी नेसून ती बाहेर आली तवा सगळी म्हणाली, बघा, एका साडीवर रुसवा गेला. जाऊ अजून सांगत फिरती की विहीण लोभी हाय. मी तोंड मिटून हाय. विहीणबाईच म्हणल्या, लोभी म्हणू द्या, त्यात अब्रू तरी राहती.

येत्या सोमवारी ती नांदेडला येणार हाय. आम्ही दोघी माझ्या बाईंकडं जाणार. तनुजा फोनवर लई खूश, 'आई, तुम्ही विहिणी विहिणी मिळून कुठं निघाल्या?' सासूचं तिला ठावं न्हाई, आन सासूनं शपथ घातलीय, म्हणून म्हणलं, 'गुरुद्वाऱ्याला दर्शनाला.' देवाच्या नावानं खोटं बोलले म्हणून रातभर झोप लागेना. तर आता असं ठरलंय: आधी खरंच गुरुद्वाऱ्याला जायचं, माथा टेकायचा, लंगरमध्ये जेवायचं, पोटभर पाणी प्यायचं, आन मग बाईंकडं.

तुझी
साखरा